दुबळे हृदय आणि मानेवरचा गुडघा



पोलिसांनी माणसाला धरले, पालथे पाडले आणि तो तेथेच मेला, तर दोन प्रश्न उभे राहतात. मरण कशाने आले, हा वैद्याला. आणि जबाबदार कोण, हा न्यायासनाला. या दोहोंची गल्लत कशी होते, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यास हातकड्या घालून रस्त्यावर पालथे पाडण्यात आले. डेरेक शोव्हिन हा पोलीस अधिकारी सुमारे साडेनऊ मिनिटे त्याच्या मानेवर व पाठीवर गुडघे रोवून होता. शवविच्छेदनात हृदयरोग आणि मादक द्रव्ये आढळली. बचावपक्षाने त्याचेच भांडवल केले.

शवपरीक्षकाने हे विकार लपविले नाहीत. परंतु मुख्य कारण म्हणून जखडून ठेवणे व मानेवरील दाब यांचीच नोंद केली आणि मृत्यू परहस्ते झाला, असे लिहिले. हा शेरा म्हणजे खुनाचा निकाल नव्हे. दुसऱ्याच्या कृतीने मरण आले, एवढाच त्याचा अर्थ. अपराध ठरविणे ज्यूरीकडे होते.

पुढे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. मार्टिन टोबिन यांनी साक्षीत श्वासाचे गणित उलगडले. नाकातोंडाची वाट मोकळी असून भागत नाही; छातीचा भाता फुगावा लागतो. खाली कठीण रस्ता, वर माणसाचे ओझे, हात मागे बांधलेले. मग भाता फुगावा कसा? बोलता येते म्हणजे श्वास पुरतो, ही समजूतही घातक आहे. अशा स्थितीत धडधाकट माणूसही मेला असता, असे त्यांनी सांगितले. २० एप्रिल २०२१ रोजी ज्यूरीने शोव्हिनला तिन्ही आरोपांत दोषी ठरविले.

अशा मृत्यूंवर पूर्वी तेथे 'एक्सायटेड डिलिरियम', म्हणजे उन्मादाचा झटका, असा शिक्का मारीत. शवपरीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली ते कारण अमान्य केले.

श्रोतेहो, आपल्याकडेही कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी, असा कायदा आहे. त्या चौकशीत 'हृदय बंद पडून' एवढ्यावर आपण समाधान मानू नये. हृदय शेवटी प्रत्येकाचेच थांबते. ते त्याच क्षणी का थांबले, हे आम्ही वैद्यांनी निर्भयपणे लिहावे आणि तुम्ही नागरिकांनी विचारावे. भिंत मोडकळीस आली होती, म्हणून धक्का देणारा निर्दोष ठरत नाही.