झिजलेली मूठ आणि राबणारा हात

(आर्णी येथील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज मी आपणांपुढें खुरप्याच्या मुठीविषयीं बोलणार आहे. विषय ऐकून कोणी हंसेल. सभेंत बोलावयाचें तें कर्जाविषयीं, भावाविषयीं, पाण्याविषयीं. मुठीचें काय बोलावयाचें? पण अरुणावतीच्या कांठच्या या आर्णीच्या मुलखांत कपाशी, तूर, ज्वारी, सोयाबीन जें कांहीं पिकतें, तें पिकविणारा हात दिवसांतले कितीएक तास कोणत्या तरी लांकडी मुठीवर असतो. भाव आपल्या हातांत नाहीं, पाऊस आपल्या हातांत नाहीं. मूठ मात्र खरोखरच आपल्या हातांत आहे. तिची तरी नीट व्यवस्था लावूं या.

आपापल्या घरचीं हत्यारें डोळ्यांपुढें आणा. कुऱ्हाडीचा दांडा घरधन्याच्या हाताला नेमका बसलेला असतो. कारण तो त्यानें स्वतः निवडून, तासून घालून घेतलेला असतो. त्याच घरांतलें निंदणाचें खुरपें पाहावें, तर मूठ अर्धी फुटलेली, पात्याचें शेपूट मागून बाहेर आलेलें आणि वर लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. तें खुरपें कोणाच्या हातीं असतें? आपल्या आईच्या, बहिणीच्या, बायकोच्या. भर पावसाळ्यांत चिखलांत बसून ओळीमागून ओळ निंदते ती, आणि घरांतली सर्वांत वाईट मूठ तिच्याच वांट्याला येते. तिनें तक्रार केली नाहीं म्हणून आपण पाहिलें नाहीं. ही गोष्ट भूषणाची नव्हे.

आतां वाईट मुठीनें काय होतें तें ऐका. मूठ झिजून बारीक झाली म्हणजे ती धरावयास हात अधिक आवळावा लागतो. आवळलेला हात लवकर थकतो व मनगट ठणकूं लागतें. मूठ आंखूड असली म्हणजे तिचें टोंक तळहाताच्या मधोमध रुततें. तेथून बोटांकडे जाणाऱ्या शिरा दबतात आणि रात्रीं बोटांना मुंग्या येतात. फुटक्या मुठीची सल हातांत जाते. ती जखम शेणामातींत चिघळते व धनुर्वाताचें भय राहतें. (अशी जखम झाल्यास दवाखान्यांत जाऊन सुई घ्यावी, हळद भरून स्वस्थ बसूं नये.) निंदणाच्या ऐन दिवसांत बाईचा हात चार दिवस बंद पडला, तर जी मजुरी बुडते तिच्यापुढें एका मुठीचें लांकूड म्हणजे कांहींच नव्हे.

कोणी म्हणेल, "मूठ गेली, तर नवें खुरपें आणूं." आणा, पण जुनें फेंकण्यापूर्वीं त्याचें पातें पाहा. गांवच्या लोहारानें गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून घडविलेलें पातें असेल, तर तें पोलाद उत्तम असतें. लोखंड शाबूत असतां लांकडासाठीं हत्यार टाकणें म्हणजे पायताणाचा अंगठा तुटला म्हणून पायताण टाकण्यासारखें आहे.

तेव्हां नवी मूठ कशी करावी? प्रथम माप. मूठ हाताच्या मापाची पाहिजे, आणि ज्याचा हात त्याचेंच माप. मुठीभोंवतीं बोटें वळविलीं असतां अंगठ्याचें टोंक तर्जनीच्या टोंकाला लागावें. फार ओलांडून जाऊं नये, फार दूरहि राहूं नये. लांबी इतकी असावी कीं, चारी बोटें बसून तळहाताच्या बाहेर थोडें लांकूड उरेल. चार इंचांहून कमी तर कधींच असूं नये. आकार अगदीं गोल ठेवूं नये, किंचित् चपटा अंड्यासारखा ठेवावा. म्हणजे मूठ हातांत फिरत नाहीं आणि पात्याची धार कोणीकडे आहे हें न पाहतां कळतें. पुरुषाच्या हाताची मूठ बाईला जाड होते. म्हणून मूठ करण्यापूर्वीं तिला विचारा, तिच्या हातांत देऊन पाहा, मग तासा.

दुसरी गोष्ट लांकडाची. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत सागाचें नांव मोठें आहे आणि दाराखिडक्यांना सागासारखें लांकूड नाहीं. पण कुऱ्हाडीला किंवा टिकासाला जो हिसका बसतो, तो सोसावयास धावडा, तिवस किंवा बाभूळ अधिक चिवट. सरकारी जंगलांत विनापरवाना कुऱ्हाड घालूं नये. दांड्यापायीं खटला ओढवून घेण्याचें कारण नाहीं. बांधावरच्या बाभळीची एक सरळ फांदी दहा मुठींना पुरते. लांकडाचे तंतू दांड्याच्या लांबीबरोबर सरळ धांवले पाहिजेत. आडवे गेले तर दांडा त्या रेषेवर मोडणारच. ओलें लांकूड तसेंच बसवूं नये. फांदी तोडून दोन्हीं टोंकांस शेण लिंपून सावलींत कांहीं महिने वाळूं द्यावी. शेणामुळें टोंकें एकदम वाळून तडकत नाहींत.

तिसरी गोष्ट बसविण्याची. हत्यारांच्या दोन जाती आहेत. कुऱ्हाड, कुदळ, टिकास, पावडें यांना नेढें असतें व दांडा त्यांत जातो. खुरपें, विळा, पटाशी, कानस यांना शेपूट असतें व तें मुठींत जातें. दोहोंची रीत वेगळी.

खुरप्यासाठीं मुठीच्या तोंडाशीं आधीं साम चढवावी. जुन्या लोखंडी नळीचें लहानसें कडें चालतें. साम नसली तर शेपूट ठोकतांनाच लांकूड फुटतें. मग शेपटापेक्षां बारीक भोंक पाडावें. पात्यावर ओलें फडकें गुंडाळून फक्त शेपूट विस्तवांत तापवावें आणि भोंकांत जाळीत न्यावें, म्हणजे त्याला स्वतःची जागा मिळते. पातें तापूं देऊं नये, नाहींतर त्याचें पाणी उतरतें व धार टिकत नाहीं. नंतर भोंकांत लाखेची पूड व विटेची बारीक भुकटी भरून, शेपूट पुनः तापवून आंत दाबावें. लाख वितळते व निवल्यावर शेपूट घट्ट धरून ठेवते. पुढें मूठ बदलावयाची झाली तर थोडी ऊब दिली कीं लाख सुटते. चिंधी कोंबून बसविलेली मूठ आठ दिवसांत हलूं लागते, हा अनुभव सर्वांना आहेच.

कुऱ्हाडीची गोष्ट अधिक जोखमीची. ढिली कुऱ्हाड निसटली तर समोरच्याचा जीव जातो. आपल्यांत म्हण आहे कीं कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ढिला दांडा तर धरणाऱ्यासच काळ होतो! पुष्कळ लोक ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यांत ठेवतात. लांकूड फुगतें, सकाळीं घट्ट वाटतें. पण नेढ्यांत दाबलें गेलेलें लांकूड वाळल्यावर पूर्वीपेक्षांहि बारीक होतें व दुपारीं कुऱ्हाड अधिकच हलते. त्यापेक्षां दांड्याचें टोंक चिरून सुक्या कठीण लांकडाची पाचर ठोकावी. आणि दांड्याला तडा गेला असेल, तर त्यावर तार किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून काम चालवूं नये. तडा बांधल्यानें जात नाहीं, फक्त दिसेनासा होतो. असा दांडा चुलींत घालावा.

मूठ शाबूत आहे पण नुसती झिजली आहे, अशी असेल तर खर्चहि नको. फुटक्या कांचेच्या धारेनें ती खरवडावी. कांच धरतांना हाताला फडकें गुंडाळावें. बारीक झालेल्या मुठीवर ओल्या कच्च्या चामड्याची पट्टी शिवून घ्यावी. वाळतांना तें आवळतें व मूठ भरते. हें काम चांभारबंधूंना उत्तम येतें.

शेवटीं तेल. विकतचें चकचकीत रोगण मुठीवर नको. घामानें तें निसरडें होतें व हाताला फोड आणतें. आपल्या वऱ्हाडांत जवस पिकत आलें आहे. जवसाचें तेल हवेनें घट्ट होऊन लांकडांत मुरतें. पातळ हात द्यावा, जिरूं द्यावा, उरलेलें पुसून काढावें. दोन-तीन दिवसांनीं पुनः द्यावा. मात्र एक इशारा लक्षांत ठेवा. जवसाच्या तेलाचीं फडकीं बोळा करून टाकलीं तर तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात. ज्या घरांत कपाशी भरलेली आहे त्या घरांत हें तेल लावूंच नये. अंगणांत लावावें, व फडकीं पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवून ठेवावीं.

हें सर्व घरीं जमेल असें नाहीं, आणि जमलेंच पाहिजे असेंहि नाहीं. गांवांत सुतार आहे, लोहार आहे. पूर्वीं त्यांना सुगीच्या वेळीं बलुतें मिळे व त्याबद्दल ते वर्षभर हत्यारें दुरुस्त करीत. ती रीत मोडली, रोखीचा व्यवहार आला. पण अजूनहि पुष्कळांना वाटतें कीं, मूठ बसविणें हें फुकटचें काम. तीन तासांच्या कामाला चहा पाजून वाटेस लावणें हा कारागिराचा अपमान आहे. अशानें त्याचा मुलगा भाता सोडून शहराची वाट धरतो, आणि मग तुमच्या टिकासाला पाणी देणारा कोणी उरत नाहीं. यास उपाय आहे. एका आळींतल्या दहा घरांनीं उन्हाळ्यांत आपलीं हत्यारें एकत्र करावीं, सुतार-लोहारांना दोन दिवसांचें सलग काम द्यावें व ठरलेले दाम त्याच दिवशीं चुकते करावे. शेतकऱ्याचें काम स्वस्तांत होतें, कारागिराची चूल पेटते.

मुठीचा प्रश्न केवळ आपलाच आहे असें समजूं नका. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत शेतमजुरांना फार आंखूड दांड्याची कुदळी देत. दिवसभर कंबरेंत वांकून काम करून त्यांच्या पाठी कायमच्या निकामी होत. मालक म्हणत कीं लांब दांड्यानें पिकाची नासाडी होईल. मजुरांनीं दाद मागितली, डॉक्टरांनीं साक्षी दिल्या, आणि १९७५ सालीं तें आंखूड हत्यार तेथें बंद झालें. लांब दांडे आले, तरी शेती बुडाली नाहीं. यावरून काय शिकावें? दांडा किती लांब, मूठ किती जाड, हें ठरविण्याचा अधिकार राबणाऱ्या हाताचा आहे. आपल्याकडेहि दोन ओळींमधलें तण काढावयास सायकलच्या चाकाचें हातकोळपें उभ्यानें चालवितां येतें. खुरप्यानें मग फक्त रोपाच्या बुडाशीं निंदावें लागतें. त्या हातकोळप्याचीहि मूठ चालविणाऱ्याच्या कंबरेच्या उंचीला आणून घ्यावी.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शाळेंत शेतीचें थोडें प्रत्यक्ष ज्ञान शिकवावें अशी मागणी केली होती. ज्या मुलाला पुस्तक वाचतां येतें, त्याला पाचर ठोकतांहि यावी. आणि ज्याला पाचर ठोकतां येते, त्याला पुस्तकहि वाचतां यावें. दोन्हींत कमीपणा कोणांतच नाहीं. मुलींनाहि हें शिकवा. हत्यार त्यांच्याच हातीं जास्त असतें.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतों. वाहा. पण हत्याराची खरी पूजा मृग लागण्यापूर्वीं करावयाची असते: साम घट्ट आहे ना, पाचर बसली आहे ना, मूठ तडकली नाहीं ना, हें एकेक हातीं घेऊन पाहावयाचें असतें.

तेव्हां बंधूंनो, माझें आपणांपाशीं एकच मागणें आहे. यंदाच्या उन्हाळ्यांत घरचीं हत्यारें अंगणांत मांडा. त्यांत सर्वांत वाईट मूठ कोणती तें शोधा आणि ती ज्या हातांत जाते त्या हाताचें माप घ्या. पहिली नवी मूठ त्या हत्याराला बसवा. कुऱ्हाडीची पाळी नंतर येऊं द्या.