चरा कुणी पाडला?

पहाटे सहाच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात डोकावून पाहा. एक बादली, तिच्यात एक फडकं आणि तेवढ्यावर दहा-बारा गाड्या पुसून काढणारा एक माणूस हमखास दिसेल. ते फडकं कधी मालकाचा जुना बनियन असतो, कधी विटलेला पंचा, कधी सिग्नलवर मिळणारं पिवळं डस्टर. गाडी सात-आठ लाखांची आणि फडकं फुकटचं! आज या फडक्याविषयीच बोलायचं आहे.

आधी रंगाचं पाहू. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात कायमची गेली. त्या जुन्या गाड्यांना पॉलिश करताना गाडीचा रंग फडक्याला लागायचा, कारण रंग हाच सर्वांत वरचा थर असे. आजच्या गाड्यांत रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग. गाडीची सगळी चकाकी या थराची. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक, गोल चरे दिसतात तेही याच थरातले.

हे चरे पाडतं कोण? बहुतेक वेळा एकटं फडकं नव्हे, तर फडक्याखाली सापडलेली धूळ. आपल्या उपनगरांत जुन्या इमारती पडतात, नव्या उभ्या राहतात, रस्ते खणले जातात. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ काठिण्याच्या दहाच्या मोजपट्टीवर सातव्या क्रमांकावर आहे. चाकूचं पोलादही साधारणपणे त्याच्यापेक्षा मऊ. असे कण कोरड्या फडक्याखाली फिरवले, की ते पुसणं राहत नाही, घासणं होतं. शिवाय त्याच बादलीत आधी चाकं पुसलेली असली, तर ब्रेकच्या लोखंडाची पूडही छतावर पोचते.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एका काळ्या गाडीवर असे चरे दिसले आणि मालकाने पुसणाऱ्या मुलाचे महिन्याचे पैसे कापले. मुलगा एवढंच म्हणाला, ‘साहेब, फडकं तुम्हीच दिलंय.’ भोवती जमलेल्यांपैकी कुणाला यावर उत्तर सुचलं नाही. महिन्याला गाडीमागे काहीशे रुपये मिळवणाऱ्या माणसाने स्वतःच्या खर्चाने चांगलं कापड आणावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

चांगलं कापड म्हणजे मायक्रोफायबरचा टॉवेल. ९००० मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅम भरलं, तर त्याला एक डेनिअर म्हणतात. अंधेरीपासून कांदिवलीपर्यंत ताणलेला धागा आणि वजन एक ग्रॅम! मायक्रोफायबरचा तंतू त्याहूनही बारीक असतो. पॉलिएस्टर आणि नायलॉनचा तंतू चिरून त्याच्या फाका केलेल्या असतात. त्या फटींत पाणी शोषलं जातं आणि धूळ पृष्ठभागावरून उचलली जाऊन आत अडकते. सुती बनियनला हे तितकंसं जमत नाही. तो धूळ पुढे ढकलत नेतो.

बाजारात मात्र मायक्रोफायबरच्या नावाखाली काहीही मिळतं. म्हणून घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मिश्रण: ८० टक्के पॉलिएस्टर, २० टक्के नायलॉन, ७०-३० मिळालं तर अधिक चांगलं. दुसरी, वजन: पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. रंगासाठी ३५०च्या आसपास किंवा त्याहून जाड, लांब लव असलेला घ्यावा. पातळ टॉवेल काचांना आणि आतल्या भागाला चालतात. तिसरी, कडा: जाड, टणक शिवण नको, लेबल असेल तर कापून टाकावं. चौथी परीक्षा हाताची. चिरलेला तंतू कोरड्या तळव्याला किंचित अडकतो. टॉवेल नुसताच गुळगुळीत सरकला, तर शंका घ्यावी. एकदा धुऊन टेबलावरच्या पाण्यावर फिरवावा. पाणी प्यायला तर खरा, पुढे ढकललं तर खोटा.

पण सर्वोत्तम टॉवेलही धुळीच्या गाडीवर कोरडा फिरवू नये. आधी पाणी ओतून धूळ सैल करावी. दोन बादल्या ठेवाव्यात, एक शॅम्पूची, एक फडकं खळबळायची. वरून खाली, सरळ रेषेत, दाब न देता पुसावं. चाकांचा टॉवेल वेगळ्या रंगाचा असावा. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय रंगाला लावू नये. धुताना सुती कपड्यांत मिसळू नये, नाहीतर त्यांचे धागे लवेत अडकतात. कपडे मऊ करणारं द्रव्य टाकू नये, त्याने फटी बुजतात. इस्त्री तर नकोच, तंतू वितळतो.

कापड फाटलं तर रफू करता येतं. या पारदर्शक थराला रफू नाही. पॉलिशने चरा जातो, कारण भोवतालचा थर घासून त्याच्या पातळीला आणलेला असतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला आधीच पातळ असलेला थर आणखी पातळ होतो.

तेव्हा सहा टॉवेल, दोन बादल्या आणि शॅम्पूची बाटली एवढं सामान मालकाने द्यावं. या पद्धतीने गाडीमागे पाच-सात मिनिटं जास्त लागतात, त्याचे पैसेही द्यावेत. त्यानंतर चरा दिसला, तर खुशाल जाब विचारावा.