ज्ञातीचे नियम आणि राज्याचा कायदा
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही कायदेपंडित नव्हे, इतिहाससंशोधकही नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि परळच्या एका शाळेत जवळजवळ चाळीस वर्षे मुलांना मराठी शिकविले, एवढीच आमची पुंजी. परंतु ह्या वर्षी मंडळाची घटना दुरुस्त करण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. तेव्हा माणसे आपले आपण नियम कसे करतात, ते कसे पाळवितात आणि राज्याच्या कायद्याशी त्या नियमांचे नाते काय, ह्याचा विचार मोठ्याने करावा, असे आम्ही योजिले आहे.

आपणांपैकी पुष्कळांचे बालपण गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींत गेले. तेथे पहाटे नळाला पाणी येई आणि हंडे-कळश्यांची रांग लागे. रांगेचा नियम कोणी लिहिला नव्हता. तथापि ज्या घरी बाळंतीण आहे किंवा आजारी माणूस आहे, त्या घरची कळशी आधी भरावी, हे सर्वांस ठाऊक होते. नियम मोडणाऱ्यास पकडावयास कोणी शिपाई येत नसे. वरच्या मजल्यावरील एखाद्या आजींचे दोन खरमरीत शब्द पुरे होत. ज्याला आपण स्वशासन म्हणतो, त्याचा पहिला धडा आम्ही ह्या नळावर शिकलो. लोकलाज हे त्या शासनाचे शस्त्र. मात्र ह्याच शस्त्राला दुसरी धार असते, तिचे नाव वाळीत टाकणे. आजचे आमचे बोलणे मुख्यतः ह्या दुसऱ्या धारेविषयी आहे.

आपल्या महाराष्ट्रात स्वशासनाची परंपरा जुनी आहे. वतनाचा, हद्दीचा किंवा वारसाचा तंटा उत्पन्न झाला म्हणजे गोतसभा बसे. वादी-प्रतिवादींचे जबाब होत, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्या महजरावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर, आणि कारागिरांच्या निशाण्या त्यांच्या धंद्यातील हत्यारे. ज्यास अक्षर येत नसे, तोही आपल्या निशाणीने निर्णयाची जबाबदारी पत्करीत असे. त्या काळास आम्ही सुवर्णयुग मानीत नाही. पुरावा अपुरा पडला तर उकळत्या तुपातून किंवा तेलातून धातूचा तुकडा हाताने काढण्याचे दिव्य करावे लागे, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेविले होते त्यांच्या वाट्याला त्या न्यायात बरोबरीचे स्थान नव्हते. परंतु निर्णय कोणी दिला, हे महजर पाहून सांगता येई, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

आता मुंबईकडे वळू. इंग्रजांच्या कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर हा इ. स. १६६९ ते १६७७ ह्या काळात येथील कारभार पाहत होता. नाना जातिधर्मांची माणसे ह्या बेटावर येऊन वसावी असे त्याच्या मनात होते. म्हणून प्रत्येक समाजाने आपले पाच पंच निवडावे आणि आपसांतील तंटे त्यांच्यापुढे मिटवावे, अशी व्यवस्था त्याने केली. त्याच्याच कारकीर्दीत, इ. स. १६७२ मध्ये, मुंबईत न्यायालय स्थापन झाले. रात्री चोरांचा उपद्रव होऊ नये म्हणून भंडारी लोकांचे दल उभारण्यात आले व माहीम, शिवडी आणि शीव येथे त्याच्या चौक्या बसल्या. मुंबईच्या पोलिसांचा इतिहास ह्या दलापासून सांगतात. पंच, न्यायाधीश आणि पहारेकरी हे तिघेही ह्या शहरात अशा रीतीने एकाच सुमारास आले आणि पुढे अनेक वर्षे एकमेकांच्या शेजारी नांदले.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने इ. स. १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात त्याने पंचायतीचे गुण सांगितले, तसेच दोषही दाखविले. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असताना इ. स. १८२७ चे कायदे झाले. त्यांतील दुसऱ्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाने असे ठरविले की, ज्ञातीच्या प्रश्नांत न्यायालयांनी हात घालू नये. दुसऱ्याच्या बेकायदेशीर कृत्याने आपल्या ज्ञातीस व लौकिकास बाध आला, असे म्हणून कोणी नुकसानभरपाई मागितली तर तेवढा दावा चालवावा. सरकारच्या दृष्टीने ही सोय होती. दूरवरून आलेल्या राज्यकर्त्यांना आपल्या पंक्तीतील भांडणे नको होती. परिणाम मात्र असा झाला की, ज्ञातीच्या पंचांनी कोणास पंक्तीबाहेर केले तर त्या मनुष्यास दाद मागावयास दार उरले नाही, निदान ते फार अरुंद झाले.

त्या काळी वाळीत पडणे म्हणजे काय, हे आजच्या मुलामुलींस सांगावे लागेल. न्हावी दाढी करीत नसे. भटजी कार्यास येत नसे. मुलीस स्थळ मिळत नसे. घरात मृत्यू झाला तर खांदा द्यावयास चार माणसे मिळत नसत. तुरुंगाची शिक्षा एका माणसाला होते. ही शिक्षा घरातील तान्ह्या मुलालाही भोगावी लागे.

मोठी माणसेही तिच्यातून सुटली नाहीत. इ. स. १८४३ च्या सुमारास श्रीपत शेषाद्री ह्या मिशनऱ्यांच्या सहवासात राहिलेल्या ब्राह्मण मुलास शुद्ध करून परत ज्ञातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, तेव्हा विद्वत्तेने साऱ्या मुंबईत मान्य असलेल्या त्या पुरुषासही स्वजनांचा रोष सोसावा लागला. पुण्यात इ. स. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभे राहिले. त्यात लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांसही प्रायश्चित्त घ्यावे लागले. रानडे इ. स. १८९३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दुसऱ्यांना न्याय देणारा पुरुष स्वतः मात्र ज्ञातीपुढे मान लवविता झाला, हे पाहिले म्हणजे त्या सत्तेचे बळ कळते.

पंचांच्या सत्तेस मर्यादा आहे, हे मुंबईच्या न्यायालयाने एकदा ठसठशीतपणे दाखविले. करसनदास मुळजी हे सुधारक ‘सत्यप्रकाश’ पत्रातून वैष्णव महाराजांच्या आचरणावर टीका करीत. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. तेव्हा भाटिया ज्ञातीतील काही पुढाऱ्यांनी सभा भरवून, महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्यास ज्ञातीबाहेर टाकावे, असा बेत केला. करसनदासांनी त्या पुढाऱ्यांवरच फिर्याद केली. इ. स. १८६१ मध्ये न्यायालयाने त्यांस दोषी ठरवून दंड केला, आणि पुढील वर्षी मूळ खटल्यातही करसनदासांची बाजू खरी ठरली. ज्ञातीच्या धाकाने साक्षीदाराचे तोंड बंद करता येणार नाही, हा धडा मुंबईला त्या दिवशी मिळाला.

हे शस्त्र आपण ज्ञातीच्या आतच वापरले असे नाही. इ. स. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आपला हक्क बजावणाऱ्या अस्पृश्य बांधवांवर कोणकोणत्या प्रकारे बहिष्कार पडला, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात वाचावयास मिळते. त्या सुमारास बाबासाहेब आमच्या परळच्याच चाळीत राहत असत. इ. स. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते, आणि बहिष्कार हे लाठीहून भयंकर हत्यार कसे होते, ते त्या समितीच्या अहवालाने सरकारापुढे मांडिले.

इतका इतिहास सांगितल्यावर आता घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. इ. स. १९६९ च्या पावसाळ्यात आम्ही नऊ वर्षांचे होतो. गिरगावातील आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ज्ञातीतीलच एक कुटुंब राहत असे. त्यांच्या थोरल्या मुलीने ज्ञातीबाहेर लग्न केले. त्यानंतर त्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे जाईना. दोन महिन्यांनी त्या मुलीचे वडील वारले. बाहेर धो धो पाऊस पडत होता. आमचे वडील दाराच्या फटीतून जिन्याकडे पाहत उभे होते. आईने त्यांच्याकडे एकदा पाहिले. त्यांनी मान खाली घातली. खांदा द्यावयास लालबागहून त्या गृहस्थांचे गिरणीतील सोबती आले. त्यांत आपल्या ज्ञातीचे कोणी नव्हते. आमचे वडील वाईट मनुष्य नव्हते. ते भ्याले होते. आणि कशास भ्याले, हे त्यांना कोणी विचारले असते तर एकाही माणसाचे नाव त्यांना सांगता आले नसते.

ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही मंडळाची त्या वर्षाची इतिवृत्ताची वही काढून पाहिली. कोजागरीच्या दुधाचा खर्च तीत आहे, विद्यार्थ्यांना दिलेल्या वह्यांची संख्या आहे. त्या घराविषयी एक अक्षर नाही. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. महजरावर निशाणी करणाऱ्या निरक्षर कारागिराने जेवढी जबाबदारी घेतली, तेवढीही आमच्या सुशिक्षित मंडळींनी घेतली नाही.

आम्ही व्याकरणाचे शिक्षक, म्हणून आमच्या मनात व्याकरणाचा विचार येतो. ‘त्यांना वाळीत टाकण्यात आले.’ ह्या वाक्यात क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता कोठे आहे? आपल्या घटनेत एक जुने कलम अद्याप छापले जाते: ज्ञातीबाहेर विवाह करणाऱ्याचे सभासदत्व ‘आपोआप’ संपुष्टात येईल. हे कलम कित्येक वर्षांत कोणास लावलेले नाही, म्हणून असू द्यावे, असे काही मित्र म्हणतात. आमची विनंती अशी की, त्या ‘आपोआप’ शब्दाकडे नीट पाहावे. तो शब्द कर्त्यास लपविण्यासाठी तेथे बसविलेला आहे.

राज्याचा कायदा आता ह्या बाबतीत कोठे येऊन पोहोचला आहे, तेही थोडक्यात सांगतो. ज्ञातीबाहेर गेलेल्याचा वारसाहक्क बुडू नये, एवढी व्यवस्था इ. स. १८५० च्या कायद्याने केली होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने इ. स. १९४९ मध्ये बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि इ. स. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरविला; सरन्यायाधीश सिन्हा ह्यांचे मत मात्र निराळे होते. इ. स. २०२३ मध्ये त्या निर्णयाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान इ. स. २०१३ मध्ये नाशिक येथे ज्ञातीबाहेर लग्न केलेल्या एका तरुण मुलीच्या हत्येने महाराष्ट्र हादरला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. अखेर इ. स. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो इ. स. २०१७ मध्ये अंमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा कायदा झाला, हे उत्तम झाले. परंतु कायद्याचा हात कोठवर पोहोचतो? पोलीस येऊन पंचांस नेतील. पण शेजाऱ्याच्या घरी जाऊन चहा घ्या, असे आम्हांस कोणताही फौजदार सांगू शकणार नाही. दाराच्या फटीतून पाहणाऱ्यास दार उघडावयास लावील असे कलम कोणत्याही विधिमंडळाला लिहिता येत नाही. तेवढे काम आपले आहे.

मग आपल्या मंडळाने नियम करूच नयेत काय? अवश्य करावेत, आणि कडकपणे पाळावेत. वर्गणीची पावती दिलीच पाहिजे. हिशेब तपासलेला असलाच पाहिजे. सभेची सूचना वेळेवर गेलीच पाहिजे आणि निवडणूक मुदतीत झालीच पाहिजे. धर्मादाय आयुक्तांकडे आपण जे कागद पाठवितो, ते ह्याच शिस्तीसाठी. ही शिस्त प्रथम अधिकाऱ्यांना बांधते. ज्या नियमाचा जाच अधिकाऱ्याला अधिक होतो, तो नियम बहुधा चांगला असतो, असा आमचा अनुभव आहे. एखाद्या सभासदाने पैशाची अफरातफर केली तर त्यास जरूर काढावे; परंतु त्यास नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे, कारण लिहावे आणि खाली आपली नावे लिहून सह्या कराव्या. ज्या शिक्षेखाली सही करावयास आपला हात कचरतो, ती शिक्षा देऊ नये.

म्हणून आमची सूचना एवढीच की, ते जुने कलम येत्या सभेत काढून टाकावे, आणि ते काढण्याच्या ठरावावर सूचक म्हणून आमचे नाव घालावे. शिष्यवृत्ती देताना आणि सभागृह देताना आईबापांच्या लग्नाची चौकशी करू नये, असेही त्याच ठरावात लिहावे.

त्या दुसऱ्या मजल्यावरील कुटुंबाने पुढे गिरगाव सोडले. कोणी म्हणे ते डोंबिवलीस गेले, कोणी म्हणे त्याहूनही दूर. यंदा निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. एक पत्रिका आम्ही वेगळी काढून ठेविली आहे. तिच्यावर नाव लिहिले आहे; पत्ता लिहावयाचा राहिला आहे. आपणांपैकी कोणास तो ठाऊक असेल तर कृपया आम्हांस कळवावा.