कंपनी बुडाली, गाडी राहिली



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, मोटारसायकलचं बोलणं आम्हाला कशाला, ते घरातल्या पुरुषांना सांगा. जरा थांबा. गोष्ट गाडीची असली तरी प्रश्न आपला आहे. एखादी वस्तू आपण पोटाला चिमटा काढून घेतो, हप्ते फेडतो, आणि ती बनवणारी कंपनीच बंद पडते. मग त्या वस्तूचं काय? आणि पैसे देऊन वस्तू हातात आलीच नसेल, तर त्या पैशांचं काय?

येझदी तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. एका इंजिनाला दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि आवाज असा की गाडी वेशीजवळ आली की घरात कळायचं कोण आलंय. ज्या दांड्याने किक मारायची तोच दांडा वळवून पायाने गिअर टाकायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. ही गाडी म्हैसूरला बनायची. आयडियल जावा नावाची कंपनी, इराणी कुटुंबाने काढलेली. १९६१ पासून तिथे जावा बनू लागली. जावा हे नाव मूळचं चेक लोकांच्या देशातलं. पुढे १९७३ पासून त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाड्या येऊ लागल्या.

१९८५ साली चार-स्ट्रोकची, शंभर सीसीची हिरो होंडा आली आणि लोक ॲव्हरेज विचारायला लागले. गाडी दणकट आहे का, हा प्रश्न मागे पडला. त्यात धुराचे नियम कडक झाले, कारखान्यातली भांडणं होतीच. १९९६ साली कारखाना बंद झाला.

आता बघा, कंपनी जाऊन किती वर्षं झाली! तरी येझदी अजून रस्त्यावर दिसते. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी आपापल्या गाड्या काढून एकत्र जमतात. ह्या गाड्या चालतात कशा? कंपनीचं दुकान नाही, कंपनीचा मिस्त्री नाही, कंपनीचा पार्ट नाही.

त्या चालतात कारण गाडीचं ज्ञान कारखान्याबाहेर पसरलेलं होतं. गावोगावच्या गॅरेजवाल्यांनी ती इतक्या वेळा उघडली होती की डोळे झाकून इंजिन खोलावं. पिस्टन झिजला की सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. बुश झिजलं की लेथवाल्याकडून नवं करून घ्यायचं. गॅस्केट पुठ्ठा कापून घरीच. आणि भंगारात निघालेली एक गाडी विकत घेऊन परसात ठेवायची, तिचे अवयव काढून दुसरी जगवायची. साधी रचना असली की असं करता येतं. आजच्या गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा गेला तर लेथवाला काय करणार?

२०१८ साली जावा हे नाव बाजारात परत आलं, येझदीचंही २०२२ मध्ये आलं. नवी कंपनी, नव्या गाड्या, दिसायला जुन्यासारख्या. पण त्यांचं इंजिन वेगळं, त्यांचे पार्ट जुन्या गाडीला बसत नाहीत. टाकीवरचं नाव तेच असलं म्हणून जुन्या गिऱ्हाइकाची अडचण सुटत नाही. हे एवढ्यासाठी सांगते की दुकानाची पाटी तीच दिसली की आपण निर्धास्त होतो. मालक तोच आहे का, हे विचारत नाही.

येझदीवाल्यांनी जे केलं ते ज्याने त्याने आपापलं केलं. ज्याला चांगला मिस्त्री भेटला त्याची गाडी तरली. इंग्लंडात एका गाडीच्या मालकांनी मात्र हीच गोष्ट गट करून केली, आणि ती आपण मुद्दाम ऐकण्यासारखी आहे.

त्या गाडीचं नाव व्हिन्सेंट. लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज नावाचं गाव आहे, तिथे बनायची. १९४८ च्या सुमारास तिची ब्लॅक शॅडो नावाची काळी गाडी आली, ती तासाला दोनशे किलोमीटर पळायची. त्या काळात! पण गाडी बनवायला खर्च फार आणि विकून उरायचं काही नाही. आपल्याकडे एखादी सुगरण तूप सढळ घालून लाडू करते, सगळे वाहवा करतात आणि हिशेबाला बसलं की तोटा, तसं झालं. डिसेंबर १९५५ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. महायुद्धानंतरच्या वर्षांत मिळून साधारण अकरा हजारच गाड्या बनल्या होत्या.

मालकांचा एक संघ १९४८ पासून होता. आधी नुसता भेटीगाठीचा. कंपनी बंद झाल्यावर सुटे भाग दुसरा एक कारखाना पुरवत होता, पण त्याचंही पुढे किती दिवस चालेल याचा भरवसा राहिना. तेव्हा १९७५ साली संघाच्या सभासदांनी स्वतःच भागभांडवल घालून सुट्या भागांची कंपनी काढली. गाडी चालवणारेच कंपनीचे मालक. कुठला भाग लोकांना जास्त लागतो ते त्यांना माहीत, कारण तो त्यांच्याच गाडीत मोडत होता. मग तो भाग एकट्यासाठी एक न बनवता, मागणी एकत्र करून घाऊक बनवून घ्यायचा, साठा करायचा, सभासदांना विकायचा, आणि त्या पैशांतून पुढचा भाग.

ओळखीचं वाटतं ना? आपण गटात दर महिन्याला शंभर-दोनशे टाकतो, त्यातून एकीला कर्ज देतो, ते फिरून येतं आणि दुसरीला जातं, तेच हे. फरक इतकाच की आपण पैसे फिरवतो, त्यांनी नट-बोल्ट आणि गिअर फिरवले. पुढे ह्या कंपनीकडे इतके भाग जमले की त्यांनी नुसत्या नव्या सुट्या भागांतून एक अख्खी ब्लॅक शॅडो जोडून दाखवली. कारखाना बंद होऊन पन्नासएक वर्षं उलटून गेल्यावर!

ही झाली ज्यांच्या दारात गाडी उभी होती त्यांची गोष्ट. पण ज्यांनी पैसे भरले आणि गाडी मिळालीच नाही, त्यांचं दुखणं निराळं. त्यासाठी नॉर्टनची हकिगत सांगते. तीही इंग्लंडातली.

नॉर्टन हे फार जुनं नाव, १८९८ पासूनचं. ते मधे बंद पडलं, परत उभं राहिलं, हात बदलत राहिलं. शेवटच्या मालकाने एका जुन्या राजेशाही वाड्यात कारखान्याचं बस्तान बसवलं होतं. नव्या गाड्या प्रदर्शनात झळकत होत्या. एकीची किंमत ४४,००० पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने चाळीस लाखांच्या आसपास. नावावर विश्वास ठेवून लोकांनी आगाऊ पैसे भरले. कोणी थोडे, कोणी जवळजवळ सगळे. गाडीची तारीख मात्र पुढे पुढे सरकायची. २९ जानेवारी २०२० ला कंपनीने हात वर केले आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला.

आता ही बाजू नीट समजून घ्या. कंपनी बुडते तेव्हा येणेकऱ्यांची रांग लागते. जिच्याकडे तारण आहे ती बँक पुढे. कामगारांचा थकलेला पगारही पुढे. आणि हातात नुसती पावती असलेला गिऱ्हाईक पार मागे. रांग त्याच्यापर्यंत येते तेव्हा ताटात बहुधा काही उरलेलं नसतं.

यापेक्षा वाईट गोष्ट पेन्शनची. २२८ जणांनी आपली म्हातारपणाची पुंजी तीन योजनांमध्ये ठेवली होती. त्या योजनांचा विश्वस्त कोण, तर नॉर्टनचा मालकच! त्याने ते पैसे आपल्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातले. मालकाच्या धंद्यात अशा योजनेचे पाच टक्क्यांहून जास्त पैसे घालायला तिथला कायदा मनाई करतो. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. २०२२ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित, म्हणजे तुरुंगात जावं लागलं नाही. पैसे सांभाळणारा आणि पैसे वापरणारा एकच माणूस असला की असं होतं. आपल्या गटात अध्यक्ष वेगळी, सचिव वेगळी, बँकेत सह्या दोघींच्या, ह्याचा कधी कधी कंटाळा येतो खरा. सही घ्यायला दुपारच्या उन्हात तिच्या वस्तीवर जावं लागतं. तरी जायचं.

नॉर्टनचं पुढे काय झालं? एप्रिल २०२० मध्ये आपल्या तमिळनाडूतल्या टीव्हीएसने ती १६ दशलक्ष पौंडांना घेतली. हो, तीच टीव्हीएस, जिच्या एक्सएलवर आपल्याकडे चाऱ्याचे भारे जातात. पण तिने नाव, आराखडे, माल घेतला. जुन्या कंपनीचं देणं जुन्या कंपनीपाशीच राहिलं. आणि ज्यांना आधीच्या कारभारात बनलेली महागडी गाडी मिळाली होती, त्यांना २०२१ मध्ये कळवण्यात आलं की तिच्यात सुरक्षेचे ३५ दोष आहेत, चालवू नका.

आता आपल्या मशीनकडे येऊ. शेवयाचं, पापडाचं, मसाल्याचं मशीन, तेलघाणा. आपले गट हे सगळं दीड-दोन लाखांना घेतात, आणि बनवणारा पुष्कळदा दोन खोल्यांचा वर्कशॉपवाला असतो. तो उद्या बंद करून गेला तर?

म्हणून घेतानाच विचारायचं की यातलं काय बाजारात कुठेही मिळतं. मोटर आणि बेअरिंग नेहमीच्या मापाचं असलं तर तालुक्याला मिळतं. बेअरिंगचा नंबर, पट्ट्याचा नंबर वहीत लिहून ठेवा, कारण झिजल्यावर तो वाचता येत नाही. शेवयाची जाळी, मळणीचं पातं हे मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं. ते सुरुवातीलाच एक जास्तीचं घ्या आणि न वापरता ठेवून द्या. नमुना हातात असला तर लेथवाला दुसरं करून देऊ शकतो. मोडक्या तुकड्यावरून त्याला माप काढता येत नाही. आणि आजूबाजूच्या चार गावांत कोणत्या गटाकडे तेच मशीन आहे याची यादी ग्रामसंघात करा. दहा जाळ्या एकदम करायला टाकल्या तर भाव पडतो.

पैशांचं म्हणाल तर सगळे आधी देऊ नका. थोडे आगाऊ, थोडे मशीन दारात आल्यावर, उरलेले ते चालवून दाखवल्यावर, असं कोटेशनवर लिहून घ्या. रोख नको, गटाच्या खात्यातून द्या. बिलावर मशीनचा नंबर हवा.

पैसे घेऊन कोणी मशीन दिलंच नाही, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. समोरचा म्हणेल, ह्या बायका धंदा करतात, ह्या ग्राहक नव्हेतच. म्हणून मशीन पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलं आहे हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

पुढच्या बैठकीला मशीनच्या बिलाची फाइल घेऊन या. मशीनच्या पाठीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो का, एवढं दोघी-तिघींनी मिळून बघा. पाटीवर धूळ बसली असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि मोटर बंद करून मगच हात घाला.