शरदाचं ऊन आणि हादग्याची गाणी



भाद्रपद सरत आला, की एखाद्या सकाळी दार उघडावं आणि ऊन निराळंच दिसावं, असा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. समोरचा डोंगर चार पावलं पुढं सरकल्यासारखा वाटतो. माथ्यावर सोनकी पिवळी झालेली असते, उतारावर तेरडा गुलाबी. हा शरद ऋतू. आश्विन आणि कार्तिक, असा दोनच महिन्यांचा पाहुणा. डोळ्यांनी आणि कानांनी त्याचा पाहुणचार कसा करावा, याविषयी आज आपल्याशी थोडं बोलणार आहे.

डोंगर जवळ का दिसतो? पावसानं हवेतली धूळ धुऊन काढलेली असते, म्हणून. शिवाय २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात आणि मग सूर्य दक्षिणेकडे कलत जातो. ऊन तिरपं पडतं, सावल्या लांबतात. छायाचित्र म्हणजे तरी काय? उजेड आणि सावली. तेव्हा छायाचित्राला याहून चांगला ऋतू नाही.

पूर्वी तालुक्याच्या गावी एखादाच फोटोवाला असायचा. आता घरोघरी मोबाइल आले. चित्रं उदंड झाली, पण निरखून पाहणं मात्र राहून गेलं. म्हणून एक सुचवतो. आपल्या शाळेजवळचा एखादा बांध निवडा. दर रविवारी, सूर्य उगवल्यापासून तासाभराच्या आत, त्याच जागी उभं राहून एकच चित्र घ्या. सूर्य पाठीशी न ठेवता बाजूला ठेवा, म्हणजे गवताचं पातं न् पातं उठून दिसेल. आधी हिरवं असलेलं कुसळी गवत हळूहळू सोनेरी होईल. शेजारची बाजरी कापली जाईल, पलीकडे ज्वारीचे कोंब दिसतील. गुरुजी, बाई, अशी आठ चित्रं ओळीनं भिंतीवर लावा. ऋतुबदलाचा धडा मुलं आपणहून वाचतील.

कोजागरीचा चंद्र टिपायला गेलं, की नुसता पांढरा ठिपका येतो, अशी अनेकांची तक्रार असते. कारण सोपं आहे. रात्र काळोखी असली, तरी चंद्रावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. तेव्हा मोबाइल भिंतीवर टेकवावा, पडद्यावर चंद्राला बोट लावावं आणि उजेड कमी करावा. मग चंद्रावरचे डाग दिसू लागतात.

हे झालं डोळ्यांचं. आता कानांचं.

शरदाला स्वतःचं गाणं आहे. २७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि हादगा बसतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. शेवटी खिरापत ओळखायची. विदर्भ-खानदेशात याच सुमारास भुलाबाई येतात. कोजागरी झाली, की पहाटे देवळात काकडआरती सुरू होते. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेही याच दिवसांत, २ ऑक्टोबर १९५३ला. आमच्या आळीत एकच रेडिओ होता. दिवेलागणीनंतर त्यावर यमन लागला, म्हणजे वडील ओट्यावर येऊन गप्प बसत. अजूनही आश्विनातली संध्याकाळ मला यमनावाचून पुरी वाटत नाही.

आता मनातली एक गोष्ट सांगतो. माझ्यापाशी आईचा एक जुना फोटो आहे. मध्ये पाटावरचा हत्ती, भोवती आळीतल्या मुली, आणि आईचं तोंड उघडं. ती गाते आहे. पण कोणतं गाणं, ते फोटो सांगत नाही. आमच्या गावातल्या माणसांची नावं गुंफलेलं एक गाणं आई म्हणत असे. बहिणीला विचारलं, तर तिला दोनच ओळी आठवल्या. आईला विचारायला उशीर झाला होता. तो फोटो मी कितीदा तरी पाहिला आहे, आणि दर वेळी कान उगीच पुढं होतात.

म्हणून आपल्याला विनंती आहे. ज्या मोबाइलवर आपण चित्र घेता, त्यातच आवाजही साठवता येतो. यंदा हादग्याच्या दिवसांत मुलांना सांगा, की आजीजवळ बसा, तिला गाऊ द्या, मध्ये बोलू नका. आवाज साठवला, की वहीत आजीचं नाव, तिचं माहेर आणि तारीख लिहून ठेवा. एखादं कडवं अडलं, तर शेजारच्या काकूंना विचारा. गावागावांत कडवी बदलतात. आपल्या गावचं कडवं दुसऱ्या गावच्या पुस्तकात सापडायचं नाही.

हादग्याचे दिवस सोळाच. पाटावरचा हत्ती पुसण्याआधी एवढं करा.