पोरगी सिस्टर व्हायचं म्हणते



आजचा विषय तुमच्यातूनच निघाला आहे. मागल्या शनिवारी वर्ग सुटला. सगळे उठले. एक बाई मात्र वही पिशवीत घालून तिथेच बसून राहिल्या. मग त्यांनी घडी केलेला एक कागद काढला.

"ताई, हे मी वाचलं. पण नीट वाचलं का, तेवढं सांगा."

कागद रंगीत होता. बाजारात वाटलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘सहा महिन्यांत नर्स व्हा. नोकरीची हमी.’ बाईंनी बरोबर वाचले होते. एकही अक्षर चुकले नव्हते. चूक छापणाऱ्याची होती.

त्यांची मुलगी यंदा बारावी झाली, कला शाखेतून. तिला सिस्टर व्हायचे आहे. वडील म्हणतात, नको. आई म्हणते, होऊ दे. मामा म्हणतो, हा सहा महिन्यांचा कोर्स करा, पन्नास हजारांत काम होतंय. घरात म्हैस विकायची बोलणी चालली आहेत.

तो कागद पाहून आम्हाला आमचीच एक चूक आठवली. ती आधी सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका मुलीला आम्हीच अशा एका ठिकाणी पाठवले. इमारत चांगली होती. पांढरा पोशाख होता. भिंतीवर मोठमोठे फोटो होते. आम्ही फोटो पाहिले, कागद पाहिले नाहीत. वर्ष गेले, पैसे गेले, सर्टिफिकेट मिळाले. ते घेऊन मुलगी भरतीला गेली. तिथल्या कारकुनाने एकच विचारले, "रजिस्ट्रेशन नंबर सांगा." नंबर नव्हता. त्या सर्टिफिकेटावर तो मिळणारही नव्हता. आज ती एका दवाखान्यात मदतनीस आहे. काम चांगले करते, पण ती नर्स नाही. तिच्या वडिलांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. लावला असता तर आम्हाला बरे वाटले असते.

म्हणून या वेळी आम्ही घाई केली नाही. मुलीच्या वडिलांना भेटलो. ते मोकळेपणी बोलले. "गुरुजी, लोकांची घाण काढायची, रात्री-अपरात्री परक्यात राहायचं. उद्या स्थळ आलं तर काय सांगू मी?"

ही भीती काही आजची नाही. पुण्यात 1897 साली प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आजाऱ्यांची सेवा केली. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या गेल्या. पुढे 1909 साली पुण्याचे सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथल्या बायका नर्सिंग शिकू लागल्या, तेव्हाही लोकांनी नाके मुरडली. पण बाळंतीण अडली की त्याच घरांना शिकलेल्या बाईची गरज लागे.

आम्ही बापलेकीला म्हटले, इथे बसून वाद नको, जाऊन बघू. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक जुन्या सिस्टर आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्या आमच्यापाशी बसल्या. मुलीने विचारले, "काम काय असतं?" सिस्टरांनी डबा उघडला आणि एका हाताने जेवत सगळे सांगितले.

पाळीवर आल्यावर आधीच्या सिस्टरकडून प्रत्येक रोग्याची हकीकत समजून घ्यायची. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब मोजायचा आणि कागदावर लिहायचा. औषध देताना नाव, माणूस, मात्रा आणि वेळ पडताळायची. सलाईन लावले तर थेंब मोजायचे. बाळंतपण असेल तर आईजवळ थांबायचे. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवायचे. नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात. त्या चिघळल्या की माणूस मूळ दुखण्याने नाही, त्या जखमांनी जातो.

इथे मुलगी पटकन म्हणाली, "आजीला मी वळवत होते."

वडील गप्प झाले. त्यांच्या आईला लकवा झाला होता. सात महिने ती अंथरुणावर होती. तिचे सगळे या पोरीने केले होते, तेही शाळा सांभाळून. तेव्हा त्याला कोणी घाणीचे काम म्हटले नव्हते.

सिस्टरांनी वाईटही लपवले नाही. "माझ्या पहिल्या रात्रपाळीला एक म्हातारबाबा गेले. मी मोरीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि दुसऱ्या रोग्याचं औषध दिलं. दिवाळीला घरी असेनच असं नाही. रोग्याबरोबर आलेली माणसं ओरडतात. पाय दुखतात." मग त्या वडिलांकडे वळल्या. "दादा, माझं लग्न झालंय. दोन मुलं आहेत. स्थळं नकार देतात तशी होकारही देतात."

रक्त पाहून चक्कर आली तर काय, असे आम्ही विचारले. त्या हसल्या. ती सवय होते म्हणाल्या. ज्याला चूक कबूल करता येत नाही, त्याने मात्र येऊ नये. चुकीचे औषध दिले आणि लपवले, तर माणूस जातो. आम्हाला वाटते, हे वाक्य बाकीच्या धंद्यांनाही लागू आहे, पण ते असो.

आता शिक्षणाचे. नर्स व्हायचे तीन मुख्य रस्ते आहेत. पहिला ए.एन.एम. तो 2 वर्षांचा. मुलींसाठी आहे. उपकेंद्रावर जी सिस्टर लस टोचते, गरोदर बाईला तपासते, ती बहुधा हेच शिकलेली असते. सपाटीच्या भागात साधारण 5000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि डोंगरी, आदिवासी भागात 3000 लोकांमागे एक, असे सरकारचे माप आहे. दुसरा जी.एन.एम., 3 वर्षांचा. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग, 4 वर्षांचा. त्याला बारावीला सायन्स लागते, त्यात जीवशास्त्रही हवे, आणि राज्याची सीईटी परीक्षा द्यावी लागते. जी.एन.एम. आणि बी.एस्सी. मुलगेही करू शकतात. परवा एकाने विचारले होते, म्हणून सांगितले.

मामाचे म्हणणे असे होते, की पोरीला सायन्स नाही, म्हणून सहा महिन्यांच्या कोर्सशिवाय इलाज नाही. हे खरे नाही. जी.एन.एम.ला सायन्स असले तर बरे, पण ते असलेच पाहिजे असे नाही. बारावी पास, इंग्रजी विषय आणि 40 टक्के गुण लागतात. वय 17 पूर्ण हवे. या मुलीला 61 टक्के आहेत. म्हणजे दार उघडे आहे. जी.एन.एम. झाल्यावर आणखी 2 वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही घेता येते.

मग ते सहा महिन्यांचे कोर्स काय असतात? काही अगदी खोटे असतात. काही रोग्याच्या मदतनिसाचे असतात. मदतनिसाचे काम मानाचेच आहे, ते शिकावे. पण त्याला नर्स म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

खरेखोटे कसे ओळखावे? आपल्या राज्यात नर्सची नोंद मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. परीक्षा पास झाल्यावर तिथे नाव नोंदवले, की नंबर मिळतो. तो नंबर म्हणजे नर्सचा सातबारा. सातबाऱ्यावर नाव नसेल तर जमीन कसून उपयोग काय? म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचे, ‘तुमच्याकडे शिकल्यावर परिषदेत नोंद होते का? मान्यतेचे पत्र दाखवा.’ पत्र कोणत्या वर्षाचे, कोणत्या कोर्सचे, हे वाचायचे. काही ठिकाणी एका कोर्सची मान्यता दाखवून दुसराच शिकवतात. मान्य संस्थांची नावे परिषदेच्या संकेतस्थळावर असतात. मोबाइलवर कोणाही शिकल्या पोराकडून पाहून घ्या. आणखी विचारा, परीक्षा कोण घेते? बी.एस्सी.ची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. ‘आम्हीच घेतो, आम्हीच सर्टिफिकेट देतो,’ असे कोणी म्हणाले, तर पिशवी उचलून परत या. शिकायला रुग्णालय कोणते, हेही स्वतः जाऊन बघा. रोगी नसलेल्या ठिकाणी नर्स तयार होत नाही.

खर्चाचे म्हणाल तर सरकारी संस्थेत फी कमी असते, पण जागा थोड्या. खासगीत जास्त, आणि वसतिगृह, पुस्तके, पोशाख यांचा आकडा वेगळा सांगतात. सगळा आकडा एका कागदावर लिहून मागा. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शिष्यवृत्तीला लागतो. प्रवेशाचे नियम वर्षावर्षाला बदलतात. गेल्या वर्षी अमक्याने काय केले, यावर जाऊ नका. या वर्षीची सूचना वाचा.

पगाराबद्दल गोड बोलणार नाही. खासगी दवाखान्यात सुरुवातीला पगार कमीच असतो. सरकारी भरती रोज निघत नाही, आणि पुष्कळ जागा कंत्राटी असतात. पण नंबर असला की माणूस एका दवाखान्याला बांधून राहत नाही. गाव बदलले, लग्न झाले, तरी नोंदणी सोबत येते. फक्त तिचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते.

तर त्या घरात काय ठरले? वडिलांनी अजून पूर्ण ‘हो’ म्हटलेले नाही. म्हणाले, "म्हैस नाही विकत. आधी कागद बघतो." आम्हाला तेवढे पुरे आहे. मुलीने दोन सरकारी आणि एका खासगी संस्थेचे नाव काढले आहे. खासगी संस्थेचे नाव यादीत सापडले, पण मान्यतेचे वर्ष जुळत नाही. ते विचारून घ्यायचे आहे. मामा थोडे रागावले आहेत. त्यांनी कोणाला तरी पाच हजार आगाऊ दिले होते, असे आता कळते. पावती नाही.

सोमवारी ती, तिची आई आणि आमच्यातले एकजण जिल्ह्याच्या गावी जाणार आहोत. सरकारी रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत चौकशी करू, येताना सेतूत उत्पन्नाच्या दाखल्याचे बघू. आणखी कोणाची मुलगी, सून किंवा मुलगा विचार करत असेल तर सोबत चला. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांच्या नकला घ्या. मूळ कागद घरीच ठेवा. एसटी सव्वासातला फाट्यावर येते.