परसातील झाडांना ताण



आमच्या काचीगुड्याच्या घरामागे पेरूचे एक झाड होते. मोरीचे पाणी बारा महिने त्याच्या आळ्यात जाई. झाड पानांनी गच्च भरलेले. फळे मात्र वर्षाकाठी चार-दोन. अखेर ते तोडावयाचे ठरले. त्यासाठी बोलावलेल्या वृद्ध माळ्याने कुऱ्हाड खाली ठेवून विचारले, “याला कधी तहानलेले ठेवले होते काय?”

त्या प्रश्नातच उत्तर होते. काश्मीरकडील सफरचंद कडक थंडीत पाने गाळून निजते व वसंतात फुलते. आपल्या हैदराबादेत डिसेंबरच्या रात्रीही पारा सहसा दहा अंशांखाली उतरत नाही. त्यामुळे पेरू, डाळिंब, मोसंबी, लिंबू यांना विसाव्याचे कारणच पडत नाही. सतत पाणी मिळाले की ती पालवत राहतात व फुललीच तर तुरळक फुलतात. तिकडे जी विश्रांती थंडी देते, ती येथे पाणी तोडून द्यावी लागते. यालाच बागाईतदार ‘ताण देणे’ म्हणतात. वाढ थांबली की झाडात अन्नाचा साठा होतो आणि पुढे त्याच बळावर बहर येतो.

बहर तीन : जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे, जून-जुलैचा मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. उन्हाळ्यात विहिरी आटणाऱ्या आपल्या शहरात परसासाठी मृग बहर सोयीचा. एप्रिलपासून पाणी बंद करावे. आळ्यातील माती वरवर उकरून उन्हात तापू द्यावी. जाड मुळांना मात्र धक्का लावू नये. पाने पिवळी पडून काही गळू लागली की ताण पुरा झाला असे समजावे. तांबड्या, रेताड चलका जमिनीत हे लवकर घडते, काळ्या जमिनीत उशिरा. मग कुजलेले शेणखत घालून आळे बुजवावे. पहिले पाणी बेताचे द्यावे, पुढचे वाढवीत न्यावे. तोवर मृगाचा पाऊस येतोच.

दोन गोष्टींची सावधगिरी हवी. चार वर्षांच्या आतील कोवळ्या झाडास ताण देऊ नये. आणि फांद्या वाळेपर्यंत तो कधीच लांबवू नये.

आम्ही मोरी वळविली. जूनअखेर त्याच पेरूवर पांढरी फुले आली आणि मार्गशीर्षात शेजारी वाटण्याइतकी फळे उतरली. आपल्याही परसातील एखादे झाड वांझ ठरविण्यापूर्वी त्याच्या आळ्यात जाणारे पाणी एकदा तोडून पाहावे. कुऱ्हाडीची घाई करू नये.